डाव्या हाताचे वेढे

दाजी, तुमचं टेबल माझ्याकडे आलं. सातपूरहून इंदिरानगरपर्यंत ते टेम्पोच्या हौद्यात उताणं पडून आलं, चारही पाय आभाळाकडे करून, आणि मी त्याच्याशेजारी खाली बसून आलो. ड्रायव्हर म्हणत होता, काका पुढे बसा. मला पुढे बसवेना. सकाळचं ऊन होतं, वारा होता. ड्रॉवरच्या फटीतून कुठलंसं एक पीस निघालं, माझ्या गुडघ्यावर येऊन जरा थांबलं आणि उडून गेलं. मी ते धरलं नाही. तांबूस होतं. हरसूलच्या एखाद्या कोंबड्याचं असावं.

टेबल देताना ताई एक वाक्य बोलली, आणि ते वाक्य माझ्याबरोबर टेम्पोत चढलं. ती म्हणाली, "ने बाबा तू. मला बघवत नाही ते. माझ्या बोलण्यामुळेच सोडलं ह्यांनी."

यावर मी टेम्पोवाल्याला म्हणालो, तिकडून उचला. बस. माझी बहीण, तुमची बायको, दीड वर्ष स्वतःला बोल लावत बसलीय. बोल लागायला हवा तो मला. हे ठाऊक असणारी जगात दोनच माणसं होती, त्यातलं एक गेल्या महिन्यात गेलं. आता मी एकटा उरलोय, आणि गप्प राहणं मला किती छान जमतं हे तुमच्याएवढं कुणालाच माहीत नाही.

म्हणून लिहितोय. बोलण्यापेक्षा हे बरं. तुम्ही मध्ये काही म्हणणार नाही, हीच काय ती अडचण.

तुम्ही मला या टेबलाशी बसवलंत तो उन्हाळा आठवतो. रेखा आणि मी वेगळे झालो त्या वर्षीचा. घरी जो येई तो समजूत घालून जाई. मी मान हलवत असे. तुम्ही मात्र आलातच नाही. निरोप पाठवलात, रविवारी चहाला ये. मी आलो तर तुम्ही गॅलरीत, वॉशिंग मशीन आणि तुळशीच्या मध्ये हे टेबल टाकून बसलेले. कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर होऊन चारेक महिने झाले असतील. फोनवर कुणा गोऱ्या माणसाचा व्हिडिओ बघून तुम्हाला नवं खूळ लागलं होतं: गळावर पीस आणि धागा गुंडाळून खोटी माशी बांधायची, लवचिक काठीने ती लांब पाण्यावर अलगद ठेवायची, मासा फसला की त्याला डोळे भरून बघायचं आणि सोडून द्यायचं. ताईचा त्रागा चालू होता की लोक घरातल्या माश्या मारतात, आमच्याकडे बांधायला बसतात.

तुम्ही समोरचं स्टूल पायाने पुढे सरकवलंत आणि माझ्या हातात कोंबड्याच्या मानेचं एक पीस दिलंत. "बोलू नको," म्हणालात. "हे धर."

त्या दिवशी मी तीन तास पीस धरून बसलो होतो. घरी गेल्यावर लक्षात आलं की तीन तास मला रेखाची आठवण आली नव्हती. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही म्हणाला असता, पीस वाकडं धरलं होतंस.

आता टेबल माझ्याकडे खिडकीशी लावलंय. उत्तरेची खिडकी, रेखाचं शिलाई मशीन असायचं तिथे. तुमचं म्हणणं असायचं की बारीक कामाला उजेड उत्तरेचा. कारखान्याच्या करवती छपराला काचा उगीच उत्तरेकडे नसतात, तिथून येणारा उजेड दिवसभर एकसारखा राहतो. मी म्हणायचो, एक टेबललॅम्प घ्या आणि सुटा. त्यावर तुमचं ठरलेलं: "दिव्याखाली काम दिसतं. उत्तरेला वस्तू दिसती." दोन्हींत फरक काय, हे मी विचारायचो आणि तुम्ही चहा मागवायचा. वाद तसाच राहिला. मी हरलो असं समजा. लॅम्प आणलेला नाही.

टेबल मांडायला मला आठवडा लागला. तुमच्याकडे ते अनेक वर्षांत आपोआप मांडलं गेलं होतं. मला एकेक वस्तू हातात घेऊन तिची जागा आठवावी लागली. भंगारातल्या पोलादाचा, तुम्ही स्वतः घासून, स्वतः पाणी देऊन केलेला तो बोटभर वाईस, ज्याच्या जबड्यात गळ धरायचा. शिलाई मशीनच्या भागांचं बॉबिन, वेढे घेताना धागा ताणून धरायला. सायकलच्या स्पोकचा आकडा, शेवटची गाठ मारायला. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक, खाली पडलेले गळ पायात घुसण्याआधी गोळा करायला. येवल्याच्या विणकराकडून आणलेली पैठणीच्या रेशमाची उरलीसुरली टोकं, एका काचेच्या बरणीत, रंगांप्रमाणे थर लावून. त्या बरणीवर दुपारचा उजेड आला की तळाशी कुणीतरी झोपलंय असं वाटतं. नेलपॉलिशची बाटली, बिनरंगाची, गाठीवर थेंब ठेवून ती पक्की करायला. आणि वेळूच्या सहा चिपा चिकटवून केलेली काठी, जिच्यापायी तुम्ही अख्खी थंडी गॅलरीभर भुसा केला होता. ती मी भिंतीवर आडवी टांगली. खिडकी उघडी असली की तिचं टोक आपलं आपण जरासं डोलतं.

आणि हरसूलचा बाजार, दाजी. तुम्ही टोपलीतले कोंबडे एकेक करून वर काढायचा, मानेवरची पिसं फुंकर मारून बघायचा आणि खाली ठेवायचा. पाचव्या कोंबड्याला ती बाई म्हणाली होती, "शिजवायचाय का याचं लगीन लावायचंय?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, मुलगी दाखवा आधी. येताना गाडीत तो कोंबडा माझ्या मांडीवर, आणि तुम्ही स्टिअरिंगवर बोटं वाजवत गात होता, सूर सोडून.

एक गोष्ट मात्र मांडताना अडली. तुमच्या बाजूने टेबल डावखुऱ्याचं आहे. कात्री डावीकडे, वाईसचं तोंड डावीकडे, बॉबिनच्या खुंट्या डावीकडे. तुम्ही डाव्या हाताने वेढे घ्यायचा. मी उजवा. म्हणूनच तर मी शिकलो; तुमच्यासमोर बसून शिकताना मला काही उलटं करावं लागलं नाही, आरशात बघून भांग पाडतात तसं. तुमचा डावा हात वर गेला की माझा उजवा जायचा. वाकलात की वाकायचो. कधीकधी मध्येच तुम्ही थांबायचा आणि मीही थांबायचो, आणि आपण दोघं आपापल्या माशीकडे बघत राहायचो, आत ताईचा कुकर शिट्ट्या मारत असायचा.

आरशात फक्त एकच फरक राहतो. तुमच्या माशीवर धागा एका दिशेने फिरायचा, माझ्या माशीवर उलट्या. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भिंग लावून डोक्याकडून बघितलं तर मात्र लगेच कळतं की हे काम कोणत्या हाताचं. मला ते माहीत होतं, दाजी. तुम्हीच दाखवलं होतंत. तरी मी ते विसरलो. चुकीला ते पुरलं.

तुमच्या डाव्या हाताला कंप सुरू झाला तेव्हा आधी चहाच्या कपाने सांगितलं, मग शर्टाच्या बटणांनी. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. तुम्ही टेबल सोडलं नाही. आठवड्याला दहाबारा माश्या बांधायचात त्या सहासात झाल्या, एवढंच. नेलपॉलिशच्या वासाने ताईचं डोकं चढायचं म्हणून शेवटचं काम, माशीचं मुंडकं पक्कं करणं, बऱ्याच आधीपासून माझ्याकडे होतं. रविवारी तुम्ही आठवड्याच्या माश्या साबणाच्या डबीत घालून माझ्या हातात द्यायचा, मी घरी नेऊन प्रत्येकीच्या मुंडक्यावर थेंब ठेवायचो, पुढच्या रविवारी परत आणायचो.

एका रविवारी थेंब ठेवताना एक माशी माझ्या चिमटीत सुटली. वेढे सैल होते. नुसती सुटली, पीस बाजूला पडलं, आणि तो उघडा गळ माझ्याकडे बघत राहिला. मी ती परत बांधली. तोच गळ, तेच पीस. पुढच्या आठवड्यात बाकीच्या हलकेच ओढून बघितल्या. चार सुटल्या. चार बांधल्या. मग न सुटलेल्या होत्या त्याही कापून परत बांधल्या, आणि ओढून बघायचंही सोडलं. डबी उघडायचो, ब्लेडने सगळे वेढे कापायचो आणि सगळ्या नव्याने बांधायचो.

मी कारखान्याच्या तपासणी खात्यातला माणूस. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या कामावर सही करतोय. आमच्यात नियम साधा आहे: दुरुस्त केलेल्या नगाला पिवळा टॅग लागतो. बिघडलेलं काम सुधारणं गुन्हा नाही, ते सुधारलंय हे न सांगणं गुन्हा. आणि ज्याने सुधारलं त्यानेच पास करायचं नसतं. मी नव्या पोरांना हे पहिल्या दिवशी शिकवतो. तुमच्या माश्यांना मी टॅग लावला नाही. पासही मीच केल्या.

प्रेमापोटी केलं असं म्हणायची सोय आहे. तसं ते होतंही. पण खरं सांगायचं तर, दाजी, मला ते सैल वेढे बघवत नव्हते. ते बघितले की तुमचं पुढचं सगळं दिसायचं. मी तुमच्यासाठी बांधत होतो त्याच्या दुप्पट माझ्यासाठी बांधत होतो.

तुम्ही डबी उघडून खूष व्हायचात. दूर धरून बघायचात, जवळ धरून बघायचात. "बघ इन्स्पेक्टर," म्हणायचात, "हात हालतो, काम हालत नाय." ताईला हाक मारून दाखवायचात. ती पदराला हात पुसत यायची, हो हो म्हणायची, आणि जाताना माझ्याकडे बघून हसायची. तिला वाटायचं, चला, अजून ठीक चाललंय. तिघंही खूष होतो. तो पावसाळा असा गेला, अगदी सुखात, आणि मला तो आठवतो तसा आठवू नये असं वाटतं.

मग डॉक्टरांनी गोळी वाढवायची म्हटलं. मी बरोबर होतो. तुम्हाला गोळी नको होती. तिने झोपाळल्यासारखं होतं, मळमळतं, बारीक काम होत नाही. तुम्ही खिशातून साबणाची डबी काढून त्यांच्या टेबलावर ठेवलीत. डॉक्टरांनी एक माशी उचलली, चष्मा कपाळावर नेला.

"हे तुम्ही बांधलंत? या महिन्यात?"

"मागच्या आठवड्यात," तुम्ही म्हणालात. "हा माझा गेज हाय, डॉक्टर, तपासायचं माप. जोवर हे बसतंय, तोवर हात बाद नाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. पेशंटच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघतात तसं, खरं काय ते तुम्ही सांगा अशा नजरेने. आणि मी मान हलवली. होकारार्थी. मी एक शब्द बोललो नाही; म्हणजे खोटं बोललो असंही कुणी म्हणू शकणार नाही. माझ्या गप्प राहण्याचा मला तेवढा आसरा होता.

तीन महिने थांबून बघू, असं ठरलं.

त्या तीन महिन्यांतलीच ती हरसूलची सहल. तुमच्या मासेमारीच्या डोहाची जागा तुम्ही कुणाला सांगायचा नाही. पाऊस ओसरून महिना झालेला, पाणी निवळलेलं, तळाचे गोटे हिरवट सोनेरी दिसत होते. पलीकडच्या काठाला नागली पिकत आली होती. तुम्ही काठी हातात घेतलीत आणि दोरी मागे गेली, हवेत क्षणभर तशीच तरंगली, मग पुढे आली, आणि माशी पाण्यावर उतरली. काही म्हणजे काही आवाज झाला नाही. थोड्या वेळाने एक वलय उठलं आणि मोठं होत गेलं, मोठं होत गेलं, इतकं की मला वाटलं ते आपल्या पायांखालून काठावर चढेल.

तिथेच आपण भांडलो, नेहमीचं. मी म्हणालो, खऱ्या किड्याला पाय सहा असतात, तुम्ही चारच ठेवलेत. तुम्ही म्हणालात मासा मोजत नाही. मग कशाला फसतो, मी विचारलं. तुम्ही पाण्याकडे बघत म्हणालात, "त्याला किडा दाखवायचा नसतो रे. त्याला किड्याची आठवण करून द्यायची." मी म्हणालो हे काही मोजता येणार नाही. तुम्ही हसलात आणि पुढच्या खडकावर पाय टाकलात. पाय गेला.

मी धरायच्या आत तुम्ही गुडघाभर पाण्यात बसला होता. हनुवटी फुटली होती. काठी मात्र दोन्ही हातांनी वर धरलेली, कोरडी. मी रुमाल दाबून धरला. तुम्ही घाबरला नव्हता, तुम्ही विचारात पडला होता. चप्पल घसरली का, खडक शेवाळलेला होता का, बघून झालं. दोन्ही नाही. पाय टाकायचा होता तिथे टाकलाच गेला नव्हता. घरी येताना पेठ रोडला लागेपर्यंत तुम्ही पायाचा घोटा फिरवून बघत होता. मग म्हणालात, "गेज पास हाय, तरी मशीन हाललं. मग बाद काय हाय?"

मी गाडी चालवत राहिलो. टूलरूमचा माणूस यानंतर काय करतो हे मला ठाऊक होतं. नग बसत नाही आणि गेज पास म्हणतोय, तर तो गेज तपासतो.

पुढचा रविवार. मी आलो तेव्हा ताई चिडलेली होती. थालीपिठाच्या भाजणीत पीस निघालं होतं. ती खरंच बोलली, भरपूर बोलली: हे घर आहे का कोंबड्यांचं खुराडं, एक तर ती पिसं राहतील नाहीतर मी. तुमच्या हनुवटीला पट्टी होती, आणि ती घाबरलेली होती. घाबरली की ती कशावरही चिडते हे आपल्याला माहीत आहे. मी डबी टेबलावर ठेवली. तुम्ही एक माशी वाईसमध्ये धरलीत, डोळ्याला भिंग लावलंत आणि वाकलात.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी समोर बसलो होतो, माझ्या जागेवर, आणि तुम्ही वाकलात तसा मीही वाकलो असेन. तुमची सुई वेढ्यांवरून हळू फिरत होती. उत्तरेचा उजेड होता. मग तुम्ही दुसरी माशी घेतलीत. मग तिसरी. सगळ्या बघितल्यात.

भिंग न काढता विचारलंत, "इन्स्पेक्टर, तू उजवाच ना?"

"हो," मी म्हणालो.

"हं."

माश्या परत डबीत गेल्या. भिंग त्याच्या पाकिटात गेलं. तुम्ही आतून उशीचा जुना अभ्रा आणून वाईसवर घातलात, पोपटाच्या पिंजऱ्यावर घालतात तसा, आणि आत जाऊन ताईने दिलेलं थालीपीठ खाल्लंत. त्यानंतर तुम्ही त्या खुर्चीवर बसला नाहीत. त्याच आठवड्यात स्वतः डॉक्टरांना फोन करून सांगितलंत, वाढवा गोळी.

ताईने बघितलं ते एवढंच: मी ओरडले, आणि ह्यांनी अभ्रा घातला. दोन महिने ती म्हणत होती, अहो बसा की, मी रागात बोलले होते. तुम्ही म्हणायचात, कंटाळा आला गं. तुम्ही तिला खरं सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. मला हे आता, टेबलाच्या या बाजूला बसल्यावर कळतंय. तुम्ही मला वाचवलंत, आणि त्याचा भार तिच्यावर पडला, आणि ते तुमच्या लक्षात आलं नाही. चूक तुमचीही झाली, दाजी. मेलेल्या माणसाला असं बोलू नये. पण आपण भांडणारेच होतो.

नंतरचं वर्षभर मी दर रविवारी आलो. आपण कांद्याच्या भावावर बोललो, तुमच्या चांदवडच्या चुलतभावाच्या खटल्यावर बोललो, पालखेड धरणाचं पाणी सुटलं की नाही यावर बोललो. तुम्ही मटार सोलायचात, दाणे ताटाबाहेर उडायचे, आपण दोघंही ते न बघितल्यासारखं करायचो. मी वाट बघत होतो. एक शिवी द्यायची होतीत. एकदा म्हणायचं होतंत, भाडखाव, माझा हात माझ्यापासून लपवलास. मग मी काही तरी बोललो असतो. हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत तुम्ही माझं मनगट धरलं होतं आणि अंगठा त्यावर फिरवत होता, सावकाश, एकाच दिशेने. मला वाटलं आता. पण तुम्ही झोपलात.

अलीकडे दुपारी या टेबलावर डोकं ठेवलं की माझा डोळा लागतो. मग तो डोह येतो, आणि तुम्ही पलीकडच्या काठावर बसून बांधत असता, आणि मी अलीकडे बसून बांधत असतो, आणि मध्ये इतकं स्वच्छ पाणी असतं की ते आहे की नाही कळत नाही. तुमचा हात थरथरत असतो. तुम्हाला त्याचं काही वाटत नसतं. मला ओरडून सांगायचं असतं की सैल होतंय, आणि तोंड उघडलं की नुसतं एक पीस बाहेर येतं, पाण्यावर बसतं आणि तुमच्याकडे जायला लागतं.

परवाच्या रविवारी ताई आली. टेबल कसं लावलंय बघायला. डब्यात भरली वांगी होती. दारात उभी राहून तिने सगळ्यावरून नजर फिरवली आणि तेच म्हणाली, मी त्या दिवशी बोलले नसते तर. मी तिला बस म्हणालो नाही. बस म्हणालो असतो तर चहा झाला असता, आणि चहा झाल्यावर मी बोललो नसतो. ती उभी असतानाच सांगितलं. थेंब ठेवताना सुटलेल्या पहिल्या माशीपासून सांगितलं. ब्लेडचं सांगितलं, डॉक्टरांपुढे हलवलेल्या मानेचं सांगितलं, भिंगाचं सांगितलं. माझा आवाज मला परका वाटत होता, दुसऱ्या खोलीत कुणी वाचून दाखवतंय असा.

तिने हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे पिसावरून नव्हतं."

"नाही."

"मी त्या भाजणीचा डबा टाकून दिला, माहितीय? बघितला की रडू यायचं."

मला ते माहीत नव्हतं. मी खाली बघितलं. मला वाटलं ती निघून जाईल. जायला हवं होतं. ती पुढे आली आणि टेबलावरच्या डब्या उघडून बघायला लागली, एकेक. सगळ्या माश्या घट्ट, नीटनेटक्या. काही तुमच्या जुन्या, कंप यायच्या आधीच्या. बाकी माझ्या.

"आणि हात हलत असताना बांधलेल्या?" तिने विचारलं. "ह्यांच्या स्वतःच्या. एक तरी ठेवलीस का?"

डॉक्टर, गोळी, पडणं, या सगळ्याचा हिशोब मी दीड वर्ष मनात मांडत होतो, आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या पावसाळ्यात तुम्ही शंभरेक माश्या बांधल्या असतील. प्रत्येकीवर तुमच्या त्या हाताचे वेढे होते, कुठे दाट, कुठे सुटलेले, कुठे एकावर एक चढलेले. त्यातली प्रत्येक मी कापली आणि धाग्याचे तुकडे केरात टाकले. तुमच्या शेवटच्या हाताची या जगात एकही खूण राहिली नाही, आणि हे मी काळजीपूर्वक, दर रविवारी, केलं.

"नाही," मी म्हणालो. "एकही नाही."

ताई रडली नाही. खुर्ची ओढून बसली. तुमच्या बाजूची. मी म्हणालो, ती डावखुऱ्याची आहे, तू इकडे ये. ती म्हणाली, राहू दे. चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि म्हणाली, दाखव कसं करतात.

मी समोर बसलो. सगळं तिच्या हाताला उलटं येत होतं. कात्री सापडेना, बॉबिन उजव्या हातात घेतलं तर कोपर खिडकीला लागत होतं. रेशीम ती वात वळावी तसं वळत होती. मी म्हणालो वळू नको, गुंडाळ. तिने मला गप्प बस म्हणून सांगितलं, आणि लगेच म्हणाली, नको, बोल. पिसाचे दोनदा तुकडे झाले. खिडकीशी वेळूच्या काठीचं टोक डोलत होतं. तासाभराने तिने आकड्याने गाठ ओढली, वाईसमधून माशी काढली आणि तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरली.

वाकडी होती. गबाळी होती. एका बाजूने रेशमाचा पोपटी फुगवटा आलेला. मी बघितलं, आणि माझा उजवा हात आपोआप उठला. मी तो मांडीखाली घेतला आणि त्यावर बसलो.

"सांग," ती म्हणाली. "टिकेल?"

तिने तळहात आणखी जवळ आणला.

"सुटेल," मी म्हणालो.

"कुठे?"

"मुंडक्याशी. शेवटचे तीन वेढे सैल आहेत."

तिने माशी उजेडाकडे धरून बघितली. मग माझ्यापुढचं ब्लेड स्वतःकडे ओढलं.

"मग परत बांधते," म्हणाली, आणि आपले वेढे आपणच सोडवायला लागली.